लाकूड फोडण्याचे यंत्र, ट्रॅक्टरचलित

ट्रॅक्टरच्या मागील बाजूस जोडलेल्या व तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ज्या यंत्राने लाकडाचा ओंडका तंतूंच्या दिशेने फोडून त्याच्या जळणयोग्य ढलप्या करतात, त्याला ट्रॅक्टरचलित लाकूड फोडण्याचे यंत्र म्हणतात. कुऱ्हाड किंवा घण व पाचर यांनी जे काम आघाताने केले जाते, तेच काम या यंत्रात सावकाश पण फार मोठ्या दाबाने होते. करवत लाकडाचे तंतू आडवे कापते, तर हे यंत्र तंतू एकमेकांपासून अलग करते. त्यामुळे ते करवतीची जागा घेऊ शकत नाही. खोड वा फांद्या आधी करवतीने ठराविक लांबीच्या कापून घ्याव्या लागतात.

उत्तर यूरोप व उत्तर अमेरिका येथील थंड प्रदेशांत घरे उबदार ठेवण्यासाठी लाकूड जाळतात. तेथे ही यंत्रे शेतावरील नित्याच्या अवजारांपैकी आहेत. महाराष्ट्रात त्यांचा प्रसार मर्यादित आहे व घरगुती सरपण अजून बहुतांशी कुऱ्हाडीनेच फोडले जाते. मात्र जळाऊ लाकडाच्या वखारी, ढाबे, भट्ट्या, मोठ्या स्वयंपाकाची ठिकाणे व स्मशानभूमी यांना जाड ओंडके मोठ्या प्रमाणावर फोडून लागतात आणि गावोगावी ट्रॅक्टर उपलब्ध आहेत. त्यामुळे या यंत्राचा विचार येथेही उपयुक्त ठरतो. यंत्राची निवड करताना त्याच्या ‘इतक्या टनांचे’ या आकड्यापेक्षा पुढील तीन बाबींना अधिक महत्त्व द्यावे लागते : फोडावयाच्या लाकडाची जाडी व जात, ट्रॅक्टरच्या पंपाचा तेलप्रवाह आणि पाचर पुढे सरकत असताना चालकाचे दोन्ही हात तिच्यापासून दूर राहतील अशी रचना.

लाकूड फुटण्याची क्रिया : लाकूड हे खोडाच्या लांबीच्या दिशेने वाढलेल्या सूक्ष्म तंतूंचे बनलेले असते. तंतू ताणून तोडण्यास जेवढे बल लागते, त्याच्या मानाने दोन लगतचे तंतू एकमेकांपासून विलग करण्यास फारच थोडे बल लागते. पाचर लाकडात शिरली की, तिच्या उतरत्या बाजू लाकूड दोन्हीकडे ढकलतात आणि धारेच्या पुढे चीर धावू लागते. चीर सुरू झाल्यावर पाचरीची धार लाकडाला क्वचितच टेकते. प्रत्यक्ष काम पाचरीचे खांदे करतात. म्हणूनच पाचर वस्तऱ्यासारखी धारदार असण्याची गरज नसते. पाचर मजबूत, सरळ व चांगल्या पोलादाची असणे पुरेसे असते.

सरळ तंतूंचे लाकूड सुरुवातीच्या थोड्या दाबानेच दुभंगते. गाठी, फांदीफुटीची जागा व पिळलेले किंवा एकमेकांत गुंतलेले तंतू मात्र चीर अडवितात. अशा ठिकाणी पाचरीला तंतू अक्षरशः तोडीत पुढे जावे लागते व यंत्राचे पूर्ण बल खर्ची पडते. चिंच व कडुनिंब यांच्या लाकडात तंतूंची गुंतागुंत आढळते. बाभळीचे लाकूड कठीण व जड असून वाळल्यावर ते कुऱ्हाडीला दाद देत नाही. तोडल्यानंतर लवकर, ओले असतानाच ते फोडल्यास श्रम बरेच कमी पडतात. सुबाभळीचे सरळ वाढलेले खोड तुलनेने सहज फुटते. वेड्या बाभळीचे लाकूड उत्तम जळते, पण तिची खोडे बहुधा वाकडी व बारीक असल्याने ती फोडण्याऐवजी तोडूनच वापरतात.

फोडण्याचा हेतू : ओंडका फोडण्याचे कारण केवळ तो चुलीत मावावा एवढेच नाही. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. हवेत चांगल्या वाळलेल्या लाकडात ते १५ ते २० टक्क्यांवर येते. साल पाण्याची वाफ सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. गोल ओंडका उभा चार भागांत फोडला, तर त्याच्या बाजूंचे एकूण पृष्ठफळ सु. सव्वादोन पट होते आणि नवे उघडे पडलेले पृष्ठ सालीविना असते. त्यामुळे फोडलेले लाकूड अखंड ओंडक्यापेक्षा कितीतरी लवकर वाळते.

ओलाव्याने होणारे नुकसान दोन प्रकारचे असते. १० किग्रॅ. लाकडात ४० टक्के पाणी असेल, तर त्यात कोरडे लाकूड ६ किग्रॅ.च असते. विकत घेणारा ४ किग्रॅ. पाण्याचेही पैसे मोजतो. हे पाणी तापवून त्याची वाफ करण्यास सु. २,५०० किलोकॅलरी उष्णता लागते. कोरड्या भागातून मिळणारी उष्णता किग्रॅ.ला सु. ४,७०० किलोकॅलरी धरल्यास हा तोटा एकूण उष्णतेच्या सु. ९ टक्के होतो. याहून मोठा तोटा अप्रत्यक्ष असतो. पाण्यामुळे ज्वालेचे तापमान उतरते, लाकडातून निघणारे वायू पुरते जळत नाहीत आणि ते धूर व काजळी यांच्या रूपाने बाहेर पडतात. हा धूर चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रियांच्या व लहान मुलांच्या डोळ्यांत आणि फुप्फुसांत जातो. लाकूड वेळेवर फोडून वाळविणे हा म्हणूनच आरोग्याचाही प्रश्न आहे.

ऐतिहासिक आढावा : बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हे तत्त्व ब्लेझ पास्काल या फ्रेंच शास्त्रज्ञांनी सतराव्या शतकात मांडले. या तत्त्वावर आधारलेल्या दाबयंत्राचे एकस्व (पेटंट) जोझेफ ब्रामा यांनी इंग्लंडमध्ये १७९५ साली घेतले. ट्रॅक्टरवर या तत्त्वाचा व्यापक उपयोग हॅरी फर्ग्युसन यांच्या त्रिबिंदू जोडणीमुळे व तेलाच्या दाबाने अवजार उचलण्याच्या योजनेमुळे सुरू झाला. १९३९ मध्ये फोर्ड कंपनीने ही योजना असलेला ट्रॅक्टर मोठ्या प्रमाणावर बाजारात आणला. भारतात ट्रॅक्टरनिर्मिती १९५९ मध्ये फरिदाबाद येथे आयशर कंपनीने सुरू केली व पुढील काही वर्षांत मद्रास आणि मुंबई येथेही ट्रॅक्टर तयार होऊ लागले. आज बोलीत ‘हायड्रॉलिक’ म्हणून ओळखली जाणारी ही द्रवीय यंत्रणा प्रत्येक ट्रॅक्टरवर असते. तिच्यामुळे लाकूड फोडण्यासाठी वेगळे एंजिन घेण्याची आवश्यकता राहिलेली नाही.

रचना व कार्य : यंत्राचा कणा म्हणजे पोलादी तुळई होय. तिच्या एका टोकाला सिलिंडर व दुसऱ्या टोकाला आधारपट्टी किंवा पाचर असते. काही यंत्रांत दट्ट्याच्या दांड्याला ढकलपट्टी बसविलेली असते व ती ओंडक्याला स्थिर पाचरीवर रेटते. इतरांत पाचरच दांड्याला बसवून ती ओंडक्यावर आणली जाते. पंपाकडून येणारे तेल चालकाच्या हातातील तरफेने चालणाऱ्या नियंत्रक झडपेतून सिलिंडरच्या एका वा दुसऱ्या बाजूस जाते. त्यामुळे दट्ट्या पुढे किंवा मागे सरकतो. दट्ट्या अडून दाब फाजील वाढू लागला, तर सुरक्षा झडप उघडते व तेल टाकीत परत जाते.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. शेतकऱ्यांच्या परिचयाच्या उलटणाऱ्या ट्रॉलीचा जॅक एकक्रिय असतो. तेल त्याला वर उचलते व ट्रॉली स्वतःच्या वजनाने खाली येते. त्यास एकच नळी पुरते. लाकूड फोडण्याच्या यंत्रातील दट्ट्याला मागे आणण्यासाठीही तेलाचा दाब लागतो. म्हणजे सिलिंडर द्विक्रिय असावा लागतो व त्यास जाणारी आणि परत येणारी अशा दोन नळ्या लागतात. ट्रॅक्टरवर केवळ ट्रॉलीसाठीचे एकच निर्गम तोंड असेल, तर दुहेरी नियंत्रक झडप जास्तीची बसवून घ्यावी लागते. यंत्राची किंमत ठरविताना हा खर्च पुष्कळदा विसरला जातो.

बल आणि वेग यांचा हिशेब : सिलिंडरचे बल म्हणजे तेलाचा दाब व दट्ट्याचे क्षेत्रफळ यांचा गुणाकार होय. १० सेंमी. आतील व्यासाच्या सिलिंडरमधील दट्ट्याचे क्षेत्रफळ ७८.५ चौ. सेंमी. असते. तेलाचा दाब दर चौ. सेंमी.ला १७५ किग्रॅ. असेल, तर बल सु. १३.७ टन वजनाइतके होते. व्यास १२.५ सेंमी. केल्यास तेवढ्याच दाबाने सु. २१.५ टन बल मिळते. यावरून मोठा सिलिंडर नेहमीच चांगला असा समज होतो. पण मोठा सिलिंडर भरण्यास तेलही जास्त लागते.

दट्ट्याची धाव ६० सेंमी. धरल्यास १० सेंमी. व्यासाच्या सिलिंडरला पुढे जाण्यासाठी ४.७ लि. तेल लागते. मिनिटाला २० लि. तेल देणाऱ्या पंपावर त्यास १४ सेकंद लागतात. दांड्याची जाडी ५ सेंमी. असेल, तर परतीच्या धावेस ३.५ लि. तेल व सु. ११ सेकंद लागतात. म्हणजे पूर्ण फेरा सु. २५ सेकंदांचा होतो. त्याच पंपावर १२.५ सेंमी.चा सिलिंडर लावला, तर फेरा सु. ४१ सेकंदांवर जातो. दिवसभराच्या कामात हा फरक मोठा असतो. सर्वसाधारण बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी यांच्या मध्यम जाडीच्या ओंडक्यांसाठी १० ते १४ टन बल पुरेसे होते. गाठाळ चिंच किंवा फार जाड बुंधे नेहमी फोडावयाचे असतील, तरच २० टनांकडे वळावे.

या कामासाठी लागणारी शक्ती फारशी नसते. मिनिटाला २० लि. प्रवाह व वरील दाब असताना ती ८ अश्वशक्तीहून कमी भरते. ३५ अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टरही हे काम करू शकतो. वेग वाढवावयाचा असल्यास अधिक अश्वशक्तीचा ट्रॅक्टर शोधण्यापेक्षा अधिक तेल देणारा पंप शोधावा लागतो. ट्रॅक्टर विकत घेताना किंवा भाड्याने आणताना त्याच्या माहितीपुस्तिकेत पंपाचा प्रवाह व झडपेचा दाब हे दोन आकडे पाहावेत. यंत्रविक्रेत्याने सांगितलेले टन व फेऱ्याचा काळ हे त्या दोन आकड्यांशी ताडून पाहिल्याशिवाय खरे मानू नयेत.

प्रकार : (१) ट्रॅक्टरच्या तेलावर चालणारे यंत्र : हे सर्वांत साधे व स्वस्त असते. ट्रॅक्टरचाच पंप व तेल वापरल्याने देखभाल थोडी. पण वेग ट्रॅक्टरच्या प्रवाहाने बांधलेला असतो. अनेक ट्रॅक्टरांत दंतचक्रपेटीचे व द्रवीय यंत्रणेचे तेल एकच असते. अशा वेळी अस्वच्छ नळीतून गेलेली माती व लोखंडाचा कीस थेट दंतचक्रपेटीत पोहोचतो. म्हणून जोडण्यापूर्वी नळ्यांची तोंडे पुसणे व जोडणी नसताना ती टोपणांनी झाकणे आवश्यक असते.

(२) स्वतःचा पंप असलेले यंत्र : यात ट्रॅक्टरच्या मागील फिरत्या दंडावर (पी. टी. ओ.) पंप बसवितात. हा दंड प्रमाणित वेगाने मिनिटाला ५४० फेरे घेतो. पंपाला याहून अधिक वेग लागत असल्याने मध्ये वेग वाढविणारी दंतचक्रपेटी असते. तेलाची टाकी यंत्रावरच असते. मिनिटाला ४५ लि. प्रवाह मिळाल्यास १० सेंमी. सिलिंडरचा फेरा सु. ११ सेकंदांत पुरा होतो. त्यासाठी तोटा धरून सु. २० अश्वशक्ती लागते. वखारीसारख्या रोजच्या कामाला हा प्रकार योग्य होय. काही यंत्रांत दुहेरी पंप असतो : लाकडाचा अडथळा नसताना दट्ट्या झपाट्याने सरकतो व अडथळा येताच तो सावकाश पण पूर्ण बलाने चालतो.

(३) शंकूच्या आकाराचा मळसूत्री फोडा : यात तेलाचा दाब नसतो. फिरत्या दंडावर बसविलेला, आटे असलेला पोलादी शंकू लाकडात शिरून त्यास फोडतो. तो स्वस्त व वेगवान असला, तरी शंकू उघडा फिरत असतो, लाकूड हाताने धरून त्याच्याकडे न्यावे लागते व अडकलेला ओंडका स्वतःच गरगर फिरू लागण्याची भीती असते. पदर, धोतर, उपरणे अशा सैल वस्त्रांची सवय असलेल्या ठिकाणी या प्रकाराची शिफारस करता येत नाही.

ठेवणीनुसार यंत्रे आडवी व उभी अशी दोन प्रकारची असतात. बाभळीचा ३० सेंमी. व्यासाचा व ४५ सेंमी. लांबीचा ताजा ओंडका सु. ३० किग्रॅ. भरतो. असे ओंडके दिवसभर कमरेइतक्या उंचीच्या आडव्या तुळईवर उचलून ठेवणे म्हणजे कुऱ्हाडीचे श्रम पाठीवर घेण्यासारखे आहे. जाड लाकडासाठी, जमिनीवरून ओंडका लोळवत पायाशी आणता येईल असे उभे यंत्र बरे. बारीक व हलक्या लाकडासाठी आडव्या यंत्रावर काम लवकर उरकते.

निवडीचे निकष : प्रथम जळणाचा अंतिम उपयोग पाहावा. पाणी तापविण्याच्या बंबासाठी लागणारे बंबफोड लाकूड आखूड व बारीक असते. चुलीला ३० ते ४० सेंमी. लांबीच्या ढलप्या चालतात, तर भट्टी व चितेसाठी लांब व जाड लाकूड लागते. लांबी ठरली की, दट्ट्याची धाव ठरते. ६० सेंमी. धाव बहुतेक कामांना पुरते; चुलीसाठी एक मी. धाव घेतल्यास दट्ट्या प्रत्येक फेऱ्यात निष्कारण लांब प्रवास करतो. परतीची धाव मध्येच थांबविण्याची सोय असल्यास आखूड लाकडाच्या वेळी पुष्कळ वेळ वाचतो.

त्रिबिंदू जोडणीच्या खुंट्यांचे माप जुळते की नाही हे पाहावे. लहान वर्गाच्या खालच्या खुंट्या २२ मिमी., तर मोठ्या वर्गाच्या २८ मिमी. व्यासाच्या असतात. तुळईचे सांधे अखंड जोडलेले असावेत. भार पडताना वाकणारी तुळई पुढे मोडते. चार पात्यांची पाचर एका फेऱ्यात चार तुकडे करते, पण तिला बल जास्त लागते आणि गाठाळ लाकूड तिच्यात अडकून बसते. म्हणून ती काढता-घालता येणारी असावी. सर्वांत महत्त्वाचा निकष नियंत्रक तरफांचा होय. यूरोपात पाचरीच्या यंत्रांसाठी असलेल्या ईएन ६०९–१ या मानकात दोन्ही हातांनी चालविण्याच्या नियंत्रणावर भर दिलेला आहे. दोन्ही तरफा एकाच वेळी दाबल्या तरच पाचर पुढे येते व एक जरी सोडली तरी ती थांबते. ही सोय नसलेले यंत्र स्वस्त मिळाले, तरी घेऊ नये.

वापर : यंत्र सपाट, टणक जमिनीवर टेकवावे. ते ट्रॅक्टरच्या उचल-दांड्यांवर लोंबकळत ठेवून काम करू नये. ट्रॅक्टरचा हातब्रेक ओढून चाकांना उटी लावावी. ओंडक्याची दोन्ही तोंडे काटकोनात कापलेली असावीत. तिरपे तोंड असलेला ओंडका दाब येताच निसटतो. भेग आधीच पडलेली असल्यास पाचर त्या भेगेच्या रेषेत धरावी. फांदीफुटीचा भाग पाचरीच्या विरुद्ध टोकाला ठेवावा, म्हणजे चीर सरळ भागात सुरू होते. फार जाड ओंडका मधोमध फोडण्याचा हट्ट न धरता कडेकडेने ढलप्या काढीत आत जावे. लाकूड न फुटता झडप घरघरू लागली, तर तरफ ताबडतोब सोडावी. दाब तसाच धरून ठेवल्यास लाकूड फुटत नाही, तेल मात्र तापते. उन्हाळ्यात हवेचेच तापमान ४०° से.च्या वर असते. तेल ८०° से.च्या पुढे जाऊ देऊ नये व तापल्यास काम थांबवावे.

अपघात व सुरक्षितता : या यंत्राचा धोका त्याच्या संथपणात दडलेला आहे. सेकंदाला सव्वाचार सेंमी. वेगाने सरकणारी पाचर पाहून हात वेळेवर काढून घेता येईल असे वाटते. परंतु बोट चिमटल्याचे कळून तरफ सोडण्यास अर्धा सेकंद लागला, तरी तेवढ्यात पाचर दोन सेंमी. पुढे गेलेली असते. स्वतंत्र पंपाच्या वेगवान यंत्रात ती सु. पाच सेंमी. जाते. तेरा टनांच्या बलाला हाड आणि लाकूड यांत फरक कळत नाही.

दोघांनी मिळून काम करताना धोका विशेष वाढतो. एक जण ओंडका सावरत असतो व दुसरा तरफ ओढतो; ‘हां’ किंवा ‘थांब’ यांचा अर्थ एकाने एक व दुसऱ्याने दुसराच घेतला की, हात जातो. ओंडका ठेवणारा आणि तरफ चालविणारा माणूस एकच असावा, हा या यंत्राचा पहिला नियम होय. मदतनिसाने ओंडके आणून देण्याचे व ढलप्या रचण्याचे काम लांबून करावे. काम झपाट्याने व्हावे म्हणून दोनपैकी एक तरफ दोरीने किंवा तारेने बांधून ठेवण्याची युक्ती कोणी केल्यास यंत्राची सर्व सुरक्षितता नाहीशी होते. मुलांना यंत्राजवळ येऊ देऊ नये.

फिरत्या दंडावर आवरण असलेच पाहिजे. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९ फेरे होतात. ५ सेंमी. जाडीच्या दंडात अडकलेले वस्त्र एका सेकंदात सु. १.४ मी. आत ओढले जाते; तेवढ्या अवधीत ट्रॅक्टर बंद करणे कोणालाही शक्य नसते. पातळाचा पदर खोचलेला असावा. उपरणे व गळ्यातील गमछा काढून ठेवावा. डोळ्यांवर चष्मा व पायांत जाड बूट असावेत.

नळीला पडलेले सूक्ष्म छिद्रही घातक असते. त्यातून निघणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. बाहेर टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसत असली, तरी आत तेल पसरून बोट किंवा हात गमावण्याची पाळी येऊ शकते. अशा रुग्णाला वेदना नसल्या तरी विलंब न लावता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. गळती बोटाने कधीही शोधू नये. जाड पुठ्ठा फिरवून ती शोधावी व दुरुस्तीपूर्वी यंत्र बंद करून तरफा हलवून दाब उतरवावा. बोट तुटल्यास जखम स्वच्छ कापडाने दाबून धरावी. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा व ती पिशवी बर्फावर ठेवून रुग्णाबरोबर न्यावी; तो भाग प्रत्यक्ष बर्फात ठेवू नये.

शेतीच्या यंत्रांनी हात गमावल्याची उदाहरणे ग्रामीण भागाला नवी नाहीत. मळणी यंत्रांच्या अपघातांमुळे संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियम केला. मळणी यंत्राच्या अनुभवावरून जे शहाणपण आले, ते लाकूड फोडण्याच्या यंत्राच्या बाबतीत अपघात होण्यापूर्वीच वापरणे इष्ट होय.

मराठवाड्यातील उपयुक्तता : या यंत्राची खरी कसोटी घनसावंगीसारख्या (जि. जालना) तालुक्यात लागते. गोदावरीच्या उत्तरेस असलेल्या या काळ्या जमिनीच्या प्रदेशात कापूस, तूर व पैठणच्या डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात ऊस ही पिके होतात. तेथील चुलीचे बरेचसे जळण शेतातूनच येते. वेचणी संपल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या व बांधावरच्या बाभळीच्या फांद्या यांवर पाणी तापते व भाकरी भाजली जाते. एका हेक्टर कापसाच्या सु. २ ते ३ टन पऱ्हाट्या निघतात. हे जळण फोडावे लागत नाही. प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेनंतर (२०१६) गॅसच्या शेगड्या घरोघरी पोहोचल्या, तरी चूल पुरती विझलेली नाही.

पाच माणसांचे एखादे कुटुंब रोज ६ ते ८ किग्रॅ. लाकूड जाळीत असेल, तर त्याची वार्षिक गरज २ ते ३ टन होते. यंत्राचा एक फेरा व ओंडका बसविण्याचा वेळ मिळून एक मिनिट धरल्यास तासाला ६० फेरे होतात. ३० किग्रॅ.च्या ओंडक्याचे चार तुकडे करण्यास तीन फेरे लागतात. म्हणजे तासाला २० ओंडके, अर्थात सु. ६०० किग्रॅ. लाकूड फुटते. ट्रॅक्टरला हलक्या भारावर ताशी २ ते ३ लि. डीझेल लागते असे धरल्यास एक टन लाकडामागे सु. ३ ते ५ लि. डीझेल खर्च होते. यावरून एका कुटुंबाचे वर्षाचे लाकूड जास्तीत जास्त पाच तासांत फुटते. उरलेले वर्षभर यंत्र गोठ्यात गंजत पडते. एका घरासाठी ते विकत घेणे कोणत्याही हिशेबाने परवडणारे नाही.

याउलट बांधावरची जुनी बाभूळ पडली किंवा पाडली, तर तिचा बुंधा फोडणे हे मोठे काम असते. पूर्वी असा बुंधा गाडीची चाके, नांगर, वखर यांसाठी सुताराकडे जाई व फांद्या चुलीत जात. लोखंडी अवजारांमुळे ती मागणी ओसरली आणि बुंधेही जळणात जाऊ लागले. लग्नकार्यातील स्वयंपाक, यात्रांतील पंगती, ढाबे व गावची स्मशानभूमी यांना असे लाकूड लागते. एका चितेलाच सु. ३०० ते ४०० किग्रॅ. लाकूड लागते. पावसाळ्यात कोणाचा मृत्यू झाला आणि गावात कोरडे लाकूड नसले म्हणजे होणारे हाल खेड्यातील माणसाला सांगावे लागत नाहीत. ग्रामपंचायत, बचत गट किंवा शेतकऱ्यांची अवजारे बँक यांनी एक यंत्र ठेवून ते प्रशिक्षित चालकासह तासाच्या भाड्याने दिल्यास खर्च विभागला जातो. शिवाय हात सरावाचा असल्याने अपघातही टळतात.

कामाचा हंगामही ठरलेला असावा. या भागात वर्षाकाठी सु. ७०० मिमी. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो. जानेवारी–फेब्रुवारीत लाकूड तोडून लगेच फोडावे, जमिनीपासून वीतभर उंच ओंडक्यांवर मोकळ्या थरांनी रचावे व एप्रिल–मेच्या उन्हात वाळू द्यावे. मृगापूर्वी ते छपराखाली गेले की, पावसाळाभर कोरडे जळण मिळते.

यंत्राबरोबर येणारा एक धोका हाताचा नसून झाडांचा आहे. कुऱ्हाडीला दाद न देणारा बुंधा पूर्वी श्रमांच्या भीतीने शिल्लक राही. यंत्राला अशी भीती नसते. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार आंबा, चिंच, मोह, जांभूळ, साग, खैर, हिरडा, फणस इ. अनुसूचित झाडे खाजगी जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाभूळ या यादीत नसली, तरी दुष्काळी प्रदेशात बांध धरून ठेवणारे, शेळ्यांना शेंगा व माणसांना सावली देणारे ते झाड आहे. यंत्र लाकडाची बचत करीत नाही. ते फक्त श्रम वाचविते. जेवढे झाड वठले, पडले किंवा छाटणीत निघाले, तेवढ्यावरच ते चालविणे आणि तुटलेल्या प्रत्येक झाडामागे बांधावर नवे रोप लावणे, ही त्याच्या वापराची योग्य मर्यादा होय.